मुहतसिब आणि तौबा

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव येथे सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. १७०८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या बादशहाशी ते वर्षानुवर्षे लढले, तो औरंगजेब आदल्याच वर्षी नगरजवळच्या भिंगारला मरण पावला होता. १७०१ मध्ये याच बादशहाने पन्हाळ्याला वेढा घातला होता. त्यामुळे या मुलखात त्याची आठवण निघते ती लढायांची. मला मात्र त्याने नेमलेल्या एका अधिकाऱ्याविषयी लिहायचे आहे. त्या अधिकाऱ्याला मुहतसिब म्हणत.

लोकांना भल्याकडे बोलवावे, बुऱ्यापासून रोखावे, हे कर्तव्य कुरआनने मुसलमानांवर सोपवले आहे. वाईट दिसले तर हाताने थांबवा, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर निदान मनाने त्याचा निषेध करा, अशी हदीस प्रसिद्ध आहे. १६५९ मध्ये औरंगजेबाने या कर्तव्याचे सरकारी खाते केले. दारू, भांग, जुगार यांवर नजर ठेवण्यासाठी मुहतसिब नेमला. त्याच वर्षी त्याच्याच हुकमाने सख्खा भाऊ दारा शुकोह मारला गेला. वडील शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होते. प्रजेच्या गुनाहांवर पहारा बसला. पण पहारा बसवणाऱ्याला कोण टोकणार?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत जुनेच आहे. हजरत उमर यांची गोष्ट सांगतात. रात्रीच्या गस्तीत एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले आणि घरमालकाला पापात पकडले. तो म्हणाला, "माझा गुनाह एक, आपले तीन. आपण हेरगिरी केली, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगी न घेता, सलाम न करता आत शिरलात." खलिफांनी ते मान्य केले. त्याने तौबा करावी एवढेच सांगून ते परत फिरले. सावध करणाऱ्यालाही मर्यादा असते, ती या गोष्टीत आहे.

मराठीत हे काम श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी केले. त्यांच्या हाती ना सत्ता होती, ना चाबूक. १६४५ मध्ये पूर्ण झालेल्या 'योगसंग्राम'मधील लढाई साधकाची स्वतःच्याच विकारांशी आहे. 'निष्कलंकप्रबोधा'त त्यांनी धर्माच्या नावाने चालणाऱ्या ढोंगाला फटकारले. आधी स्वतःला तपासले, म्हणून त्यांच्या कडक बोलण्यालाही वजन आले. हिंदू-मुसलमान दोघेही आजवर त्यांना मानतात.

भिंगार आणि श्रीगोंदे एकाच जिल्ह्यात आहेत. भिंगारला अखेरच्या दिवसांत बादशहाने आपल्या मुलांना लिहिलेली म्हणून सांगितली जाणारी पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत विजयाचा डौल नाही. रिकाम्या हाताने आलो, पापांचे ओझे घेऊन चाललो, शिक्षेची भीती वाटते, तरी अल्लाहच्या दयेची आशा आहे, असा त्यांचा भाव आहे. ती तौबा कबूल झाली की नाही, हे अल्लाहच जाणे. त्याचा निकाल देणे आपले काम नव्हे.

पण एवढे दिसते, की त्या घडीला मुहतसिब कामी आला नाही. आजही मोहल्ल्यात कोणाची मुलगी काय नेसते, कोण नमाजला येत नाही, याची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ती वही एकदा स्वतःच्या नावाने उघडावी. सावध करण्याचे कर्तव्य संपलेले नाही. ते आपल्याच उंबऱ्याच्या आतून सुरू होते.