पगारातला कर, वरकसावरची कलमे

कोळसा, पेट्रोल, डिझेल यांच्यावर त्यांच्या धुराच्या प्रमाणात कर बसवायचा आणि जमलेली रक्कम घरटी वाटून द्यायची, अशी कार्बन लाभांशाची कल्पना आहे. गाडी आणि वातानुकूलन यंत्र नसलेल्या घराला त्यात भरल्यापेक्षा जास्त परत मिळते. तरी जगभर हा कर लोकांच्या गळी उतरवणे अवघड गेले आहे, कारण कापलेला पैसा परत येतो यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत या अविश्वासाला जुना इतिहास आहे, आणि एका कराने तो काही अंशी दूर केल्याचाही.

जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या या दक्षिण भागात बरीच गावे खोती होती. खोत सरकारात ठरलेला सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेई, पुष्कळदा निम्मा, वेठ वेगळीच. खाचरातले भात असो की वरकसावरची, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतली, नाचणी-वरी, माप आधी खोताच्या घरी जाई. देणाऱ्याला परत काही मिळावे, हा या व्यवस्थेचा हेतूच नव्हता. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत गेला, आणि खोती कायद्याने जायला 1949 साल उजाडले.

सार्वजनिक पैसा कोणाचा, हा प्रश्न महाडात त्याआधीच ऐरणीवर आला होता. मुंबई विधिमंडळातल्या सी. के. बोले यांच्या 1923 च्या ठरावात सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले होते. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठराव केला. तो कागदावरच राहिल्याने 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो मुख्यतः माणुसकीच्या हक्काचा लढा होता. पण सर्वांच्या पैशावर चालणारी गोष्ट सर्वांची, हे करशास्त्राचे मूळ तत्त्वही त्यात होते.

कर आणि परतावा यांची उघड सांगड महाराष्ट्रात घातली ती रोजगार हमी योजनेने. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शिवाय मोटारवाहने, विक्रीकर, बागायती जमीन यांवर जादा आकारणी झाली, आणि या करांतून जितके जमेल तितकीच भर सरकारने घालायची असे ठरले. या एकमतामागे उदारपणा होता तसाच हिशेबही. दुष्काळी भागातले लोंढे मुंबईत येऊ नयेत असे शहराला वाटत होते. बांधबंदिस्ती, विहिरी आणि रस्ते बागायतदाराच्या फायद्याचे होते, मजुरी भूमिहीनाच्या, आणि डाव्या संघटनांना हक्काची मागणी घेऊन लढता येत होते. प्रत्येकाला आपला वाटा दिसत होता. कर टिकवायला याहून भक्कम पाया लागत नाही.

महाड-पोलादपूरच्या बाबतीत यात एक गंमत होती. इथल्या किती तरी घरांचा कर्ता पुरुष मुंबईत चाकरमानी. त्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई आणि गावी त्याच्याच भावकीसाठी कामे निघू शकत. मनिऑर्डरीच्याच वाटेने करही गावी येत होता म्हणायचा, फक्त त्यावर पाठवणाऱ्याचे नाव नसे. मात्र योजनेचा साचा कोकणाला नीट बसत नव्हता. नवे काम सुरू करायला किमान 50 मजूर हवेत, अशी अट होती. डोंगरात विखुरलेल्या वाड्यांतून, तरुण मुंबईला गेलेले असताना, इतके हात जमवणे सोपे नव्हते. पावसाळ्याचे चार महिने तर मातीकामाचे नावच नको.

ही अडचण 1990-91 मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजनेने बरीचशी सोडवली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे खणायचे, कलमे लावायची, आणि त्याचे अनुदान तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने, झाडे जगल्याचे पाहून मिळायचे. नाचणी-वरी सोडून पडीक पडत चाललेल्या वरकसावर आंबा आणि काजू लावण्याची सोय झाली. शहरातल्या पगारावरच्या करातून डोंगरउतारावर झाड उभे राहावे, हा कार्बन लाभांशाच्या अगदी जवळचा प्रकार आहे, जरी त्या वेळी कोणी त्याला हवामानाशी जोडले नव्हते. ज्याच्याकडे वरकसाचा तुकडाही नव्हता त्याला मात्र यातून फारसे काही मिळाले नाही. घरटी समान वाटप आणि जमिनीच्या मालकीवर आधारलेले अनुदान यांतला हा फरक लहान नाही.

खरा कार्बन कर म्हणावा असा कर भारतात 1 जुलै 2010 पासून आला, तो कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर म्हणून. 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो की पोलादपूरच्या वाडीतला दिवा, ग्रीडची वीज वापरणाऱ्यावर त्याचा थोडाफार भार येई. पण बिलात त्याची वेगळी ओळ नव्हती आणि घरी परत काही येत नव्हते. पैसा स्वच्छ ऊर्जा निधीसाठी होता, त्यातला बराचसा खर्चच झाला नाही, आणि 2017 मध्ये तो राज्यांना द्यायच्या वस्तू व सेवा कराच्या भरपाईकडे वळवला गेला. त्यावर कुठे मोर्चा निघाला नाही, कारण हा पैसा आपला आहे असे मानणारे कोणी तयारच झाले नव्हते.

नुसते परत देणेही पुरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासूनच्या कार्बन कराचा मोठा हिस्सा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वळता होतो, आणि अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. कॅनडाने 2019 पासून सुमारे 90 टक्के रक्कम कुटुंबांना दिली, तरी महागाईच्या राजकारणात 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचा कर रद्द झाला. महाराष्ट्रात 2024 पासून ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे 1500 रुपये थेट बँक खात्यात पडतात आणि घरोघर माहीत आहेत, पण ते कोणत्या कराचे हे सांगता येत नाही. कराचे नाव आणि परताव्याचे नाव एकत्र ठेवणे रोजगार हमीला जेवढे जमले, तेवढे त्यानंतर इथे कोणाला जमलेले नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून कोळशावरचा भरपाई उपकर संपला आणि त्याऐवजी वस्तू व सेवा कर 5 वरून 18 टक्के झाला. व्यवसाय कर मात्र पगारपत्रकावर आजही आहे: महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300.