सावकारी पाशापासून क्रेडिट कार्डापर्यंत

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे आपले संस्कार. त्यामुळे कर्जबाजारी माणूस म्हणजे उधळ्या, हा समजही आपल्याबरोबर अमेरिकेत आला. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. सरकारी चौकशी झाली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' या मूकपटात हाच विषय पडद्यावर आणला.

अमेरिकेत असे काम टीव्हीवरील माहितीपटाने केले. २३ नोव्हेंबर २००४ रोजी पीबीएसच्या 'फ्रंटलाइन'ने क्रेडिट कार्डाचा गुप्त इतिहास दाखवला. त्यात कर्जदाराच्या चुकांपेक्षा कर्ज देणाऱ्यांच्या नियमांवर भर होता. १९७८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे बँकांना आपल्या राज्यातला व्याजदर देशभर लावता आला. मग सिटीबँकेने कार्डाचा कारभार व्याजमर्यादा नसलेल्या साउथ डकोटात हलवला. किमान हप्ता लहान ठेवला की कर्ज हलके वाटते, पण फिटता फिटत नाही, हेही प्रेक्षकांना कळले.

तरीही २००५ मध्ये दिवाळखोरीचा कायदा उलट कडकच झाला. २००९ च्या कायद्याने मात्र, नुसता किमान हप्ता भरल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे बिलावर छापणे सक्तीचे केले.

कॉलेजला निघालेल्या मुलांना आपली म्हण जरूर सांगावी, पण बिलावरची ती ओळही वाचायला शिकवावी. आणि कर्ज झालेच तर ते लाजेपोटी घरच्यांपासून लपवू नये, हेही सांगावे.