रणभूमीची प्रतिकृती आणि रंग : युद्धखेळातील भूरचनेचा इतिहास

प्रस्तावना

मेजावर मांडल्या जाणाऱ्या युद्धखेळांची चर्चा बहुधा नियम आणि सैनिकांच्या आकृत्या यांच्या अनुषंगाने होते. या आकृत्या ज्या भूमीवर उभ्या राहतात, ती भूमी सजावट मानली जाते. वस्तुतः टेकडीला, शेताला वा नदीला दिलेला प्रत्येक रंग हे त्या रणभूमीविषयीचे एक विधान असते. रंगाचे हे कार्य कसे बदलत गेले आणि इतिहासाच्या आकलनाशी त्याचा काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकेत म्हणून रंग

ब्रन्सविक येथील गणिताचे अध्यापक योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून एक युद्धखेळ सिद्ध केला. त्याच्या पटावरील लाल घरे डोंगर, निळी घरे पाणी आणि गडद हिरवी घरे अरण्य दर्शवीत. डोंगर लाल नसतो, हे खेळाडूस ठाऊक असे; येथे रंग हा केवळ नियमाचा संकेत होता.

प्रशियातील मुलकी अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी चौकटींचे हे बंधन झुगारले. आरंभी ते ओल्या वाळूत भूमी घडवीत. पुढे १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी त्यांनी खास मेज तयार करविले. त्यावर उठाव दिलेल्या, रंगविलेल्या फरश्या हव्या तशा जुळवून नवनवी रणभूमी मांडता येई. हे मेज बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात जतन झाले आहे. त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये नकाशांचा अवलंब केला व सैन्याने तीच पद्धती स्वीकारली. त्रिमितीय भूमी मात्र पुढे छंदाच्या क्षेत्रात रुजली. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खोलीच्या जमिनीवर मांडलेली अशीच रणभूमी आढळते.

पुरावा म्हणून रंग

रंगाकडे पुरावा म्हणून पाहण्याचे ठळक उदाहरण म्हणजे विल्यम सायबॉर्न यांची वॉटर्लूची प्रतिकृती. १८३० मध्ये हे काम हाती आल्यावर ते रणभूमीवरील ला हे सेंत या शेतवाडीत काही महिने राहिले आणि त्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली. अडचण अशी होती की, १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिंह टेकडी’ या स्मारकासाठी वेलिंग्टनच्या आघाडीवरील उंचवट्याचीच माती खणून नेण्यात आली होती. नष्ट झालेली भूमी पुन्हा उभी करण्यासाठी सायबॉर्न यांनी लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठविली. तुमच्या तुकडीसमोर कोणते पीक उभे होते, अशीही पृच्छा त्यांत होती. शेताचा रंग ठरविण्यासाठी साक्षी गोळा करण्याची ही पद्धती इतिहासकाराची आहे. १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झालेली ही प्रतिकृती पुढे तेथील नॅशनल आर्मी म्युझियमच्या संग्रहात आली. प्रशियन सैन्याच्या स्थानाविषयी वाद उद्भवल्यावर तीतून अनेक प्रशियन आकृत्या काढून टाकण्यात आल्या. प्रतिकृतीही सत्तेच्या दबावापासून मुक्त नसते, हे यावरून दिसते.

फोमचे युग

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन फोम सर्वत्र मिळू लागला. तो हलका, स्वस्त आणि तापलेल्या तारेने सहज कापला जाणारा असल्याने छंदिष्टांनी तो आपलासा केला. मात्र या द्रव्याच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. फवाऱ्याच्या डब्यातील अनेक रंगांमधील द्रावक फोम विरघळवितात व पृष्ठभागावर खड्डे पाडतात. म्हणून प्रथम पांढरा गोंद आणि पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग यांचा थर देऊन फोम झाकावा लागतो. त्यावर गडद तपकिरी रंग, नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट छटा आणि शेवटी चिकटविलेले कृत्रिम गवत असा क्रम रूढ झाला आहे.

तंत्र सुलभ झाले तसा एक साचाही तयार झाला. कोणताही देश असो वा ऋतू, टेकडी हिरवीच दिसू लागली. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे राय धान्याची उंच पिके उभी होती आणि आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन चिखलमय झाली होती. पिकांमुळे दृष्टी अडत होती, चिखलामुळे तोफा हलविणे कठीण जात होते. नीटस हिरवळीवर ही दोन्ही कारणे अदृश्य होतात.

याच वेलिंग्टनची, म्हणजे त्या वेळच्या आर्थर वेलस्लीची, २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्या जालना जिल्ह्यातील आहे. वाटाड्यांनी उतार नसल्याचे सांगितले असता, नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून त्याने तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क केला आणि सैन्य पार नेले. प्रतिकृतीत नदीची निळी पट्टी रंगविली, पण ती दोन गावे वगळली, तर शिंदे-भोसले यांच्या सैन्यावर डावीकडून आलेल्या या संकटाचे कारण कळत नाही. पावसाळ्याच्या अखेरची मराठवाड्यातील काळी जमीन इंग्लंडच्या कुरणासारखी रंगविणे, हेही असेच अज्ञान होय.

निष्कर्ष

हेलविगच्या पटावरील लाल घर आपण संकेत असल्याचे उघड सांगत होते. फोमची टेकडी वास्तवाचा आभास निर्माण करते, म्हणून तिची चूक सहज लक्षात येत नाही. इतिहासाच्या अध्यापनात अशा प्रतिकृती उपयोजावयाच्या असतील, तर रंग देण्यापूर्वी ऋतू, माती, पीक आणि वस्ती यांची साधने तपासणे आवश्यक आहे. अमुक रंग कशाच्या आधारे दिला, हे विद्यार्थ्यास सांगता आले, तर प्रतिकृती घडविणे हाच साधनचिकित्सेचा पाठ ठरेल.