न सापडलेल्या मुली

कुमारिल भट्टांच्या परंपरेत 'अनुपलब्धी' हे एक स्वतंत्र प्रमाण मानलं जातं. या टेबलावर तांब्या दिसत नाही, म्हणून तो नाही. पण त्याला अट आहे: तांब्या असता, तर तो दिसला असता अशी स्थिती हवी. अंधारात ही अट पुरी होत नाही. ती विसरली की काय होतं, हे अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलींच्या गुन्ह्यांच्या इतिहासात बघायला मिळतं.

तिथे १८९९ साली शिकागोत पहिलं बाल न्यायालय सुरू झालं. पुढे देशभर अशी न्यायालयं झाली. त्यांच्या दप्तरातून चित्र उभं राहिलं ते असं: मुलगे चोऱ्या करतात, मोडतोड करतात, मुली थोड्याच, आणि त्याही बहुधा घरातून पळाल्या, ऐकत नाहीत, वळण बिघडलं, म्हणून आणलेल्या. अनेकांनी हे दप्तर म्हणजेच वास्तव धरलं.

मग काहींनी सरळ मुलांनाच विचारलं. ऑस्टिन पोर्टरफिल्ड यांचं टेक्सासमधलं काम १९४६ साली पुस्तकरूपाने आलं. न्यायालयात उभ्या राहिलेल्या मुलांनी जे केलं होतं, तसलंच कॉलेजातल्या मुलामुलींनीही केलेलं निघालं. न्यायालयाची पायरी मात्र जवळजवळ कुणीच चढलं नव्हतं. १९५८ च्या सुमारास जेम्स शॉर्ट आणि इव्हान नाय यांनी शाळांत निनावी प्रश्नावल्या भरून घेतल्या. मुलींचं प्रमाण मुलग्यांपेक्षा कमीच होतं. पण दप्तरात जेवढं अंतर दिसे, तेवढं ते नव्हतं.

मग सापडत कोण होतं? दुकानातून वस्तू उचलणारी पुष्कळदा सुटे, रात्री उशिरा घरी येणारी सापडे. तिची तक्रार घेऊन अनेकदा आईवडीलच जात. होनोलुलूच्या न्यायालयाच्या जुन्या नोंदी तपासून मेडा चेस्नी-लिंड यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की तिथे मुलींची वैद्यकीय तपासणी सर्रास होई, ती त्यांचं 'चारित्र्य' पाहण्यासाठी. मोठ्यांना जो गुन्हाच नाही, त्यापायी मुलांना कोंडू नये, हे धोरण केंद्रीय कायद्यात आलं १९७४ साली.

याचा अर्थ सगळ्यांनाच पकडायला हवं होतं, असा नाही. पण एकीची चोरी कुणाच्या लक्षातही येत नाही आणि दुसरी पळून गेली म्हणून सुधारगृहात जाते, तेव्हा ते दप्तर मुलींचं नसतं; मोठ्यांच्या काळजीचं असतं. म्हणून आकडे हातात आले, की आधी विचारावं: तक्रार कुणी केली, कशाची केली? 'नाही' म्हणायचं ते त्यानंतर.