करंट कुठे अडला?

शेगावातल्या गॅरेजसमोर कुणी बंद मोटरसायकल ढकलत आणली की मिस्त्र्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "करंट येऊन राह्यला काय?" उत्तराची वाट न पाहता तो प्लगची टोपी ओढतो, प्लगपान्याने प्लग सोडवतो, पुन्हा टोपीत खोचून इंजिनच्या धातूला टेकवतो आणि किक मारायला सांगतो. निळी, कडक आवाजाची ठिणगी दिसली तर भानगड बहुतेक पेट्रोलची किंवा इंजिनच्या आतली. नाही दिसली तर इलेक्ट्रिकची. एका किकेत अर्धी गाडी संशयातून सुटते. प्रोग्रॅम बिघडला की आम्ही सॉफ्टवेअरवालेही हेच करतो, मधोमध कापायचं आणि चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते पाहायचं. मिस्त्र्याची रीत मात्र आमच्या धंद्यापेक्षा बरीच जुनी आहे. गेल्या काही वर्षांत तिच्या पायाखालची जमीन सरकते आहे, म्हणून तिचा इतिहास लिहून ठेवावासा वाटला.

सुरुवातीला ठिणगी नव्हतीच. गॉटलिब डाइमलरने १८८५ मध्ये लाकडी सांगाड्याची दुचाकी बनवली, तिच्यात पेट्रोलची वाफ पेटवायला बर्नरवर तापवलेली नळी होती. म्हणजे जगातल्या पहिल्या मोटरसायकलस्वाराच्या बुडाखाली चक्क विस्तव होता. पहिल्याच फेरीत सीटने पेट घेतला असं सांगतात. त्याच काळात आपल्या शेगावात विस्तवाशिवाय आग लागल्याची कथा घडत होती. गजानन महाराज १८७८ मध्ये इथे प्रकटले. जानकीराम सोनाराने चिलमीसाठी विस्तव नाकारला आणि नुसती काडी वर धरताच महाराजांची चिलीम पेटली, ही दासगणूंच्या पोथीतली कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. विस्तव जवळ न बाळगता हवं तेव्हा जाळ कसा काढायचा, हाच प्रश्न तेव्हा जर्मनीतल्या कारागिरांनाही पडला होता.

त्याचं उत्तर रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून आलं. त्याने १८८६ मध्ये श्टुटगार्टला छोटं वर्कशॉप काढलं आणि पुढच्याच वर्षी एका जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवून दिला. १८९७ मध्ये हा मॅग्नेटो द दियों-बूतों कंपनीच्या तीनचाकीवर बसला. १९०२ मध्ये बॉशचा इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्कप्लग तयार केला. तत्त्व सोपं आहे. इंजिनाबरोबर चुंबक फिरतो, शेजारच्या तारेच्या गुंडाळीत वीज तयार होते, आणि नेमक्या क्षणी ते सर्किट तोडलं की दुसऱ्या, बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठतो. तो प्लगच्या फटीतून उडी मारतो. यात बॅटरी कुठेच नाही. पायाने किक मारली की त्या पायाच्या जोरातूनच ठिणगी पडते.

आपल्याकडे हे तंत्र घराघरात नेलं ते लुनाने. कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ मध्ये आली. नगरच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीला बॅटरी नव्हती, त्यामुळे बॅटरी उतरण्याचा प्रश्नच नव्हता. बजाजच्या स्कूटरसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. नंबर लागून गाडी दारात आली की ती पंधरा-वीस वर्षं टिकवायची, हे घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलेलं असे. मग दुरुस्तीही अंगवळणी पडायची.

या दुरुस्तीचा केंद्रबिंदू होता पॉइंट. फ्लायव्हीलच्या आत दोन छोट्या धातूच्या टिकल्या एकमेकींना भिडतात आणि सुटतात. सुटतात त्या क्षणी ठिणगी. त्यांच्यातली फट साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर. फट मोजायला फीलर गेज लागतो, पण व्हिजिटिंग कार्डावर काम भागवणारे पुष्कळ होते. टिकल्यांवर काजळी धरली की काचपेपरचा तुकडा दुमडून घासायचा. टिकल्या पुन्हा पुन्हा जळत असतील, ठिणगी पिवळी आणि मरतुकडी पडत असेल, तर शेजारचा कंडेन्सर गेला असं समजायचं. या यंत्रणेचा मोठा गुण असा की ती सांगून बिघडायची. आधी सकाळी एकाऐवजी तीन किका लागायच्या, मग सात, मग उतारावर धक्का. मालकाकडे पंधरा दिवसांची पूर्वसूचना असायची.

बुलेट, येझदी यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे ठिणगीची वीज बॅटरीतून येई, पॉइंट आणि कॉइल त्याच तत्त्वावर. ही रीत अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत ती विकली गेली. १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या बुलेटच्या हेडलाइटवर एक छोटा अँमीटर असे. तो शोभेचा नव्हता. चावी फिरवून किक हळूच दाबली की पॉइंट जुळलेले असताना काटा उणेकडे झुकतो आणि सुटले की मध्यावर परत येतो. काटा अजिबात हलत नसेल तर पॉइंट मळलेत किंवा वायर तुटली आहे. उणेला चिकटूनच बसला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. म्हणजे बिघाड शोधायचं यंत्र कंपनीने गाडीवरच बसवून दिलं होतं. डॅशबोर्डवर फोनचे मेसेज दाखवणाऱ्या आजच्या गाड्यांपेक्षा मला तो एक काटा जास्त प्रामाणिक वाटतो.

ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीतल्या गाड्या आल्या. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये आकुर्डीच्या बजाजची कावासाकी. या पिढीबरोबर पॉइंट गेले आणि सीडीआय आला. कंडेन्सरमध्ये वीज साठवायची आणि एका झटक्यात कॉइलमध्ये सोडायची, ही कल्पना निकोला टेस्लाने १८९८ मध्येच पेटंट केली होती. तिला स्वस्त इलेक्ट्रॉनिक स्विच मिळायला सत्तर वर्षं लागली. कावासाकीच्या १९६९ च्या एच-१ मध्ये ती होती. घासणारं, झिजणारं काही उरलं नाही. दर काही महिन्यांनी फ्लायव्हील उघडणं संपलं.

पण बिघाडाचं रूपही बदललं. सीडीआय म्हणजे काळ्या राळेत गच्च भरलेली डबी. उघडता येत नाही, घासता येत नाही. संध्याकाळी ठणठणीत चालणारी गाडी सकाळी थंड. मिस्त्र्यांनी यावर शोधलेला उपाय साधा होता, "दुसऱ्या गाडीचं लावून पाहू." खात्रीचा एक सीडीआय, एक एचटी कॉइल आणि एक प्लग ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि एकेक वस्तू बदलत जायची. मोटरसायकलचा मालक आता स्वतः काही करू शकत नव्हता. फार तर प्लग पुसणार, फ्यूज पाहणार, किल-स्विच चुकून दाबला गेलाय का हे तपासणार. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नये. गॅरेजपर्यंत ढकलत आणलेल्या कितीतरी गाड्या त्या लाल बटणाच्या एका टिचकीने चालू होतात. तरीही मॅग्नेटवरच्या कॉइलमधूनच वीज घेणारा एसी सीडीआय असलेली गाडी बॅटरी मेली तरी किकेवर सुटायची. शेतावरून रात्री परतणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

डीसी सीडीआय आणि सेल्फ स्टार्टरचा प्रसार झाला, तसा सगळा भार बॅटरीवर आला. इथे शेगावची स्वतःची अडचण सुरू होते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. माणसाला प्यायला जे नको, ते बॅटरीला तर विषच. लेड-ॲसिड बॅटरी गास्तों प्लाँतेने १८५९ मध्ये बनवली तेव्हापासून तिची रचना तीच आहे, गंधकाम्लात शिशाच्या पट्ट्या. उन्हाने आणि चार्जिंगने त्यातलं पाणी कमी होतं, आम्ल राहतं. म्हणून खालच्या रेघेखाली पातळी गेली की फक्त डिस्टिल्ड पाणी घालायचं. पण बाटली संपलेली, दुकान लांब, आणि समोर हापसा. त्या पाण्यातलं क्लोराइड शिसं कुरतडतं. लोहाचा अंश असेल तर बॅटरी उभ्या उभ्या आपोआप उतरत राहते. आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार उरतातच. त्यात वऱ्हाडातला मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याखाली उभ्या गाडीतली बॅटरी रात्रीसुद्धा म्हातारी होत असते. पुढे सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि पाणी घालायची सोय गेली, सोबत चुकीचं पाणी घालायची सोयही गेली. खारपाणपट्ट्याला मला वाटतं हा सौदा फायद्याचाच पडला.

अशा गाडीचा तपास मीटरने करायचा. रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ दाबताना आकडा १० च्याही खाली कोसळला तर बॅटरी आतून गेली, चार्जिंगला लावून उपयोग नाही. रिलेचा नुसता "टक" एकदा आला तर स्टार्टरकडे जाणारी जाड वायर, तिचे नट आणि मोटर पाहायची. "टकटकटक" असा सपाटा आला तर बॅटरी किंवा तिच्या टोकांवरची पांढरी बुरशी. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले नाहीत, तर नवी बॅटरी टाकूनही आठवड्याने माणूस परत येणार, कारण दोष रेग्युलेटरमध्ये किंवा मॅग्नेटच्या कॉइलमध्ये आहे.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही सतत जळू लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, कार्ब्युरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. ठिणगी कधी पाडायची आणि पेट्रोल किती सोडायचं, दोन्ही आता ईसीयू ठरवतो. इथे मिस्त्र्याच्या जुन्या प्रश्नाचा कणा मोडतो. करंट वेगळा आणि पेट्रोल वेगळं अशी वाटणीच राहिली नाही. टाकीतला पंप विजेवर चालतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद जी गुणगुण ऐकू येते ती त्याची, आणि ती आली नाही तर पेट्रोल असून नसल्यासारखं. व्होल्टेज पडलं तर पंपही गप्प आणि ईसीयूही. किक तर कित्येक मॉडेलांवरून नाहीशीच झाली आहे. प्लग बाहेर काढून ठिणगी पाहण्याची खोडही जपून करावी लागते. प्लग नीट अर्थ झाला नाही तर इलेक्ट्रॉनिक्सला धक्का बसू शकतो, आणि प्लगच्या उघड्या भोकातून उडणारा पेट्रोलचा फवारा आता पंप दाबाने सोडतो.

प्रदूषणासाठी हे बदल हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला खटकतं ते ज्ञानाचं कुलूप. पॉइंटची फट मॅन्युअलमध्ये छापलेली असे. ईसीयूशी बोलायचं तर स्कॅनर लागतो, आणि पूर्ण बोलणारा स्कॅनर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला असतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन हे चारपैकी एक क्षेत्र आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी ही अपेक्षा. अपेक्षा आणि कायदा यांत फरक असतो, आणि खामगाव रोडवरच्या टपरीवजा गॅरेजला तो रोज जाणवतो.

तरी स्कॅनर आला म्हणजे मिस्त्री संपला, असं समजण्याचं कारण नाही. स्कॅनरवर पी०३३५ असा कोड उमटला तर त्याचा अर्थ क्रँकची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढाच. सेन्सर गेला, त्याचं सॉकेट गंजलं, की घरात उभ्या गाडीची वायर उंदराने सोयाबीनच्या पोत्यांमागे बसून कुरतडली, हे कोड सांगत नाही. हँडल वळताना जिथे वायरिंग रोज वाकतं, तिथे आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. ते शोधायला मिस्त्री आजही मीटरची एक तार बॅटरीच्या उणेला लावतो, दुसऱ्या तारेची सुई सॉकेटच्या पाठीमागून खोचतो, मालकाला चावी चालू ठेवायला सांगतो आणि हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत आकडा कुठे पडतो ते पाहतो.