नॉट रिप्रोड्युसिबल

आमच्या धंद्यात बग मिटवायची एक सोपी पळवाट आहे. टेस्टर बिचारा जीव तोडून सांगत असतो, पण आपल्या मशिनवर बग दिसला नाही की 'नॉट रिप्रोड्युसिबल' असा शेरा मारायचा आणि चहाला जायचं. मीही मारलेत असे शेरे, खोटं कशाला बोला! काल मात्र सोनोल्युमिनेसन्सचा इतिहास वाचत बसलो आणि त्या शेऱ्यांची जरा लाज वाटली.

सोनोल्युमिनेसन्स म्हणजे आवाजातून उजेड. द्रवातून जोरदार अल्ट्रासाऊंड सोडला की त्यात बारीक बुडबुडे तयार होतात, फुगतात, झटकन मिटतात, आणि मिटताना चमकतात.

गोष्ट सुरू होते १९३४ साली, जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात. फ्रेंझेल आणि शुल्टेस या दोघांनी फोटो धुवायच्या डेव्हलपरमध्ये अल्ट्रासाऊंड सोडला. फोटो लवकर डेव्हलप व्हावेत, एवढीच अपेक्षा. फिल्मवर उमटले काय, तर बारीक बारीक ठिपके! दुसरं कोणी असतं तर 'फिल्म खराब निघाली' म्हणून फेकून दिली असती. यांनी विचारलं, अंधारात फिल्मला उजेड लागला कुठून?

प्रश्न बरोबर होता, पण पुढची पन्नासेक वर्षं गाडं फारसं पुढे सरकलं नाही. द्रवात बुडबुड्यांचा ढगच्या ढग. प्रत्येकाचा आकार वेगळा, कोण कुठे जन्मेल आणि कधी फुटेल याचा नेम नाही. मोजणार काय? मल्टिथ्रेडिंगचे बग ज्यांनी शोधलेत त्यांना हे दुःख कळेल.

मग १९८९ च्या सुमारास अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठात, फेलिपे गाइतान हा विद्यार्थी लॉरेन्स क्रम यांच्या हाताखाली पीएचडी करत होता. विरघळलेली हवा बरीचशी काढून टाकलेल्या पाणी-ग्लिसरीनच्या मिश्रणात त्याने एकच बुडबुडा ध्वनिलहरींच्या जोरावर अधांतरी पकडून ठेवला. तो प्रत्येक लहरीबरोबर एकदा, म्हणजे सेकंदाला साधारण २० ते ३० हजार वेळा चमकायचा. अंधाऱ्या खोलीत नुसत्या डोळ्यांना दिसणारा स्थिर ठिपका. बग रिप्रोड्युस झाला!

आता मोजता येऊ लागलं. बुडबुड्याची त्रिज्या ५० मायक्रॉनच्या आसपास जाते आणि मिटताना एका मायक्रॉनच्याही खाली येते. सायकलचा पंप दाबताना गरम होतो ना, तसंच, पण इतक्या वेगात की उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. आतला वायू हजारो अंशांवर पोचतो. १९९७ मध्ये ही चमक ६० ते २५० पिकोसेकंद टिकते असं मोजलं गेलं. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची एक टिक सुमारे ३३३ पिकोसेकंदांची. म्हणजे एक टिक पुरी व्हायच्या आत खेळ खलास!

इतकं तापमान म्हटल्यावर स्वप्नंही तशीच पडणार. २००२ मध्ये ओक रिजच्या प्रयोगशाळेतल्या रुसी तालेयारखान आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये जाहीर केलं, की अशा बुडबुड्यांत अणूंचं मीलन, म्हणजे फ्यूजन झाल्याच्या खुणा सापडल्या. वीजटंचाई संपलीच म्हणा! पण त्याच प्रयोगशाळेतल्या दोघांनी जास्त चांगला डिटेक्टर लावून पाहिलं, तर त्यांना त्या खुणा दिसल्या नाहीत. पुढे २००८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या चौकशीत तालेयारखान यांच्यावर संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका आला. ज्या प्रयोगात त्यांचा स्वतःचा हात होता, त्यालाच त्यांनी 'स्वतंत्र पुष्टी' म्हटलं होतं.

शब्द एकच, 'रिप्रोड्युसिबल'. गाइतानने तो कमावला, इथे तो नुसताच लिहिला गेला. कोलोनच्या त्या ठिपक्यांना मात्र तो मिळायला पंचावन्न वर्षं लागली. तोवर ते खोटे थोडेच होते?

असो. उद्या सोमवार. मी बंद केलेले दोन बग परत उघडणार आहे. टेस्टरला चहा माझ्याकडून.