पीटरच्या बाजूने झुकलेला पट

1904 च्या अखेरीस बीट्रिक्स पॉटरने लंडनमधल्या आपल्या प्रकाशकाकडे, नॉर्मन वॉर्नकडे, एका खेळाचा आराखडा पाठवला. तिचं ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ हे पुस्तक वॉर्न कंपनीने बाजारात आणून तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि ससुल्याचं नाव इंग्लंडातल्या घराघरांत पोचलं होतं. खेळ दोघांनी खेळायचा. एकाने पीटर व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या मागे लागणारा बागवाला मॅकग्रेगर. सोबतच्या पत्रात तिने दोन गोष्टी कळवल्या: भांडणं होऊ नयेत म्हणून नियम जरा विस्ताराने लिहिले आहेत, आणि जिंकण्याची शक्यता पीटरच्या बाजूला बरीच झुकलेली आहे. पहिली गोष्ट मुलांमध्ये वावरलेल्या कुणालाही सुचेल. दुसरीवर मात्र थांबावंसं वाटतं. दोन्ही गड्यांना सारखी संधी, ही खेळाची पहिली अट आपण धरून चालतो. लेखिकेने ती जाणूनबुजून मोडली. गोष्टींच्या पुस्तकांवरून निघालेल्या जुन्या खेळांची गोडी नेमकी कशात असते, याचं उत्तर मला या मोडलेल्या अटीत दिसतं. पटावर ओळखीची चित्रं असली की मुलं खूश होतात, हे खरं आहे. पण ती खुशी दोन-चार डावांत विरते. टिकणारी गोडी येते ती गोष्ट चित्रांतून उतरून नियमांत शिरली की.

हे किती नवं होतं ते कळायला आधीचे पट पाहावे लागतात. युरोपातला सगळ्यांत गाजलेला जुना पट ‘गूज’, म्हणजे हंसाचा. त्याची लंडनमधली नोंद 1597 सालची आहे. गोगलगायीच्या शंखासारखी आत वळत जाणारी 63 घरं, वाटेत पूल, खाणावळ, विहीर, तुरुंग, आणि 58 व्या घरात मृत्यू. तिथे सोंगटी पडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुढे दोनशे वर्षांनी इंग्रज प्रकाशकांनी हाच साचा घेऊन मुलांना नीती शिकवायचं मनावर घेतलं. 1790 मध्ये निघालेल्या ‘द न्यू गेम ऑफ ह्यूमन लाइफ’ या पटावर माणसाच्या आयुष्याची 84 वर्षं 84 घरांत मांडलेली होती आणि शेवटच्या घरात अमर पुरुष म्हणून न्यूटन विराजमान होता. जुगाराची संगत नको म्हणून फासे टाळून अंक लिहिलेली फिरकी वापरायला सांगितलेली होती. आपल्याकडच्या मोक्षपटाचा विचारही याच वळणाचा. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सापाच्या तोंडातून खाली, आणि शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापशिडी इंग्लंडात पोचली तेव्हा तिथल्या पालकांना ती परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. या सगळ्या पटांवर सोंगटीला नाव नसतं. ती कुणीही असू शकते, कारण ती सगळ्यांच्या वतीने चालते. तिच्या नशिबात काय लिहिलंय ते पटाला ठाऊक असतं आणि खेळणाऱ्याने ते मान खाली घालून स्वीकारायचं असतं.

सोंगटीला नाव मिळालं की हे बदलू लागतं. आता पटावर अमुक एक जीव चाललेला असतो आणि त्याच्याविषयी मुलाचं आधीच काहीतरी मत असतं. पीटरच्या बाबतीत ते मत फार पक्कं होतं. ही गोष्ट मुळात 4 सप्टेंबर 1893 रोजी पॉटरने नोएल मूर या आजारी, पाच वर्षांच्या मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातली. ती आधी प्रकाशकांनी नाकारली, म्हणून 1901 च्या डिसेंबरात तिने स्वतःच्या खर्चाने 250 प्रती छापून घेतल्या. वॉर्नची आवृत्ती निघाली 1902 च्या ऑक्टोबरात. गोष्टीचा बहुतेक भाग म्हणजे सरळ पाठशिवणी आहे. पीटर फाटकाखालून बागेत शिरतो, कोबीच्या वाफ्यात एक बूट जातो, बटाट्यात दुसरा, जाळीत कोटाची बटणं अडकतात, पाण्याच्या झारीत लपलेला असताना शिंक येते. प्रत्येक मुक्काम पटावरच्या घरासारखा आहे: इथे काहीतरी हरवतं, इथे थोडा वेळ मिळतो, इथे मांजर बसलेलं आहे तेव्हा आवाज न करता मागे फिरायचं. ही गोष्ट लिहितानाच पॉटर बाग आखत होती असं वाटावं इतकी ती जागांवर उभी आहे. शिवाय पहिल्याच पानांत आई सांगून टाकते की पीटरचा बाप याच बागेत सापडला आणि मॅकग्रेगरच्या बायकोने त्याचा पाय नावाचा पदार्थ करून टाकला. म्हणजे धोका खोटा नाही. आणि तरी पीटर सुटतो, दमून घरी येतो, कॅमोमाइलचा काढा पिऊन झोपतो.

अशा गोष्टीचा खेळ करताना प्रश्न येतो तो संधीच्या वाटणीचा. दोघांना सारखी संधी दिली तर दर दोन डावांत एकदा पीटर कढईत जाईल, आणि ज्या मुलाने पुस्तक छातीशी धरून वाचलंय त्याला ते सोसणार नाही. पीटर नेहमीच सुटेल असे नियम केले तर फासे टाकण्यात अर्थ उरत नाही; मग पुस्तकच पुन्हा उघडावं. पॉटरने मधली वाट धरली. पीटर बहुधा सुटेल, पण सुटेलच असं नाही. पुस्तक वाचताना मुलाच्या मनात हीच अवस्था असते. दहाव्यांदा वाचतानाही झारीपाशी आलं की श्वास अडखळतो, शेवट पाठ असूनही. त्या अडखळण्याला पॉटरने गणिताचं रूप दिलं. म्हणून तिचा आराखडा मला एका लेखिकेने स्वतःच्या पुस्तकाचं केलेलं वाचन वाटतो, आणि तेही फार नेमकं.

यावर पहिला आक्षेप येईल तो धंद्याचा. पीटरची कापडी बाहुली पॉटरने स्वतः शिवली आणि 28 डिसेंबर 1903 रोजी तिची पेटंट कार्यालयात नोंद केली; पुस्तकातल्या पात्राचा असा बाजार मांडणाऱ्यांत ती अगदी पहिल्यांपैकी. मग खेळ म्हणजे त्याच दुकानातली आणखी एक वस्तू नव्हे का? धंदा होता, यात शंका नाही, आणि तिने तो कधी लपवला नाही. अमेरिकेत पुस्तकाचा हक्क वेळेवर न नोंदवल्याने तिकडे चोरट्या आवृत्त्या निघत होत्या आणि त्यांचा एक पैसाही तिला मिळत नव्हता. आपल्या पात्रावरचा ताबा सुटू द्यायचा नाही, हा धडा तिने तिथून घेतला. स्वस्त जर्मन बाहुल्यांपुढे इंग्रज खेळणीवाल्यांचा टिकाव लागत नाही हे तिने स्वतः अनुभवलं, आणि 1910 च्या निवडणुकीत त्या कारागिरांच्या बाजूने भित्तिपत्रकंही रंगवली. पण नुसती विक्रीच हवी असती तर सशाचं चित्र छापलेला सापशिडीचा पट पुरेसा होता, आणि करायलाही सोपा. त्याऐवजी तिने विस्ताराने नियम लिहिले आणि कुणाला किती सवलत द्यायची याचा विचार केला. विकण्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. हेतू दोन होते, आणि त्यांतल्या एकाने दुसरा खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. एकाने पळायचं, दुसऱ्याने पकडायचं, दोघांची ताकद वेगळी, असे पट जगभर जुने आहेत. इंग्लंडात ‘फॉक्स अँड गीज’ शतकानुशतकं खेळला जात होता, आपल्याकडे वाघबकरी आहेच. मग पॉटरने नवीन काय केलं? पकडापकडी तिने शोधली नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण वाघबकरीत वाघाची आणि बकऱ्यांची ताकद वेगळी असली तरी चांगल्या खेळाडूंमध्ये डाव जवळपास तोलला जावा ही अपेक्षा असते. सराव वाढेल तसा तो तोल नीट दिसतो. तिथे वाघ हे चालींच्या एका संचाला दिलेलं नाव आहे. वाघाऐवजी कोल्हा म्हटलं तरी डावात तिळमात्र फरक पडत नाही. पॉटरच्या पटावर नावं बदलून पाहा: पीटरच्या जागी कुणी अनोळखी चोर ठेवला, तर डाव त्याच्या बाजूने का झुकलाय याचं एकही कारण सापडणार नाही. ते कारण पुस्तकात आहे. गोष्ट नियमांत शिरली म्हणजे काय, हे तपासायची याहून सोपी कसोटी मला सुचत नाही.

हा आराखडा तसाच बाजारात आला नाही. 1905 च्या जुलैत नॉर्मनने पॉटरला मागणी घातली, तिने ती स्वीकारली, आणि 25 ऑगस्टला तो गेला. खेळ मागे पडला. 1917 मध्ये त्याचा भाऊ हॅरॉल्ड याला खोट्या हुंड्यांच्या प्रकरणात अटक झाली, कंपनी बुडायला आली, आणि दुसरा भाऊ फ्रुइंग ती सावरत असताना पॉटरने नवं पुस्तक देऊन आणि विक्रीच्या वस्तूंना मोकळीक देऊन हात दिला. फ्रुइंगची बायको मेरी हिने जुना किचकट खेळ नव्याने बसवला. त्यातून आलेला ‘पीटर रॅबिट्स रेस गेम’ हा चौघांच्या शर्यतीचा खेळ होता. पीटर, खारुटी नटकिन, बदकीण जेमायमा आणि बेडूक जेरेमी फिशर यांच्या शिशाच्या छोट्या सोंगट्या. दान पडेल तसं पुढे जायचं. तो लोकप्रिय झाला आणि पुढे कितीतरी वर्षं छापला गेला. मेरीने खेळ बिघडवला असं म्हणणं अन्यायाचं होईल. चार भावंडं एकत्र बसू शकली, हाताशी लहानगं असलं तरी चाललं, वाचता न येणाऱ्यालाही जिंकता आलं. भरलेल्या घरात या गोष्टी मोठ्या असतात. पण पीटर आता पळत नव्हता, शर्यत धावत होता, आणि ती जेमायमाशी, जिच्याशी त्याचं पुस्तकात कसलंच भांडण नाही. चौघांची संधी सारखी झाली. चित्रं आणि सोंगट्या पॉटरच्या जगातल्या राहिल्या, खालचा पट पुन्हा हंसाच्या खेळाकडे सरकला. त्याच सुमारास, 1916 मध्ये, अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने हॉवर्ड गॅरिसच्या वर्तमानपत्री गोष्टींतल्या अंकल विगिली या संधिवाताने वाकलेल्या सशाचा खेळ काढला. तोही साध्या शर्यतीचाच. पण त्यात फाशांऐवजी पत्ते होते आणि प्रत्येक पत्त्यावर किती उड्या मारायच्या ते दोन ओळींच्या यमकात लिहिलेलं. चाल करायची तर आधी गोष्ट वाचावी लागे, किंवा कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागे. शर्यतीचा साचा ठेवूनही गोष्टीला नियमात शिरायला एक दार मिळालं होतं. मेरी वॉर्नच्या पटावर मला तेवढंच दार हवं होतं.

पॉटरच्या मूळ आराखड्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी जागा पीटरची नाहीच. पुस्तक वाचताना प्रत्येक मूल पीटर असतं. मॅकग्रेगर होण्याची मुभा पुस्तक कुणालाच देत नाही. पटाला मात्र दुसरा गडी लागतोच. दोघांपैकी एकाला दंताळं हातात घेऊन धावावं लागतं, आणि तिथून बाग निराळी दिसते. लेट्यूस, घेवडा, मुळे, ज्यांच्यावर पीटरने पहिल्या पानांत ताव मारला, ते वाफे कुणीतरी खणलेले, कुणीतरी पाणी घातलेले आहेत. डाव आपल्या विरुद्ध झुकलाय हे ठाऊक असूनही या मुलाला मनापासून पाठलाग करावा लागतो, नाहीतर समोरच्याला सुटण्याची मजाच येणार नाही. ससुला फाटकापाशी पोचला की डाव संपतो, सोंगट्या उचलल्या जातात, आणि मग दोघांनी जागा बदलायच्या.